अठरा पाट्या

“सातव्या होलवरची पाटी मला वाचताच आली नाही, तेव्हाच ठरवलं, आता चष्मा करायचा,” ग्लासगोहून आलेला तो माणूस म्हणाला, तेव्हा इशबेल रॅट्रे त्याच्या कानामागे चष्म्याची काडी बसवून बघत होती. डंडीच्या बाजारपेठेतल्या या दुकानात ती वीस वर्षं नोकरी करत होती आणि गिऱ्हाइकं बोलतात ते एका कानाने ऐकायची तिला सवय होती. पण सातवा होल म्हटल्यावर तिने विचारलं, “कुठल्या गोल्फ मैदानावरची पाटी?” “किनहेव्हनच्या. समुद्राला लागून आहे ना, ते. फार छळतं हो मैदान. पण आता प्रत्येक होलच्या सुरुवातीला दगडी पाटी लावलीय, तिथे कसं खेळायचं ते सांगणारी. माझ्या मित्राने वाचून दाखवली. ‘इथे शूर माणूस आखूड मारतो.’ काय वाक्य आहे, सांगा. खाली नाव, कॅप्टन मर्डो रॅट्रे. अठराच्या अठरा पाट्या त्याच्याच. डोकं म्हणजे डोकं आहे त्या माणसाला.” मग त्याचं लक्ष तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे गेलं. “रॅट्रे? तुम्ही त्यांच्यापैकीच का?” “बायको,” इशबेल म्हणाली. “वा. म्हणजे तुम्हालाही थोडंफार खेळता येत असेल.” तिने काडी जरा जास्तच दाबली असावी, कारण तो म्हणाला, दुखतंय. “सैल होईल,” ती म्हणाली आणि फ्रेम काढून घेतली.

शूर माणूस. तिचं वाक्य ‘शूर असशील तर आखूड मार’ असं होतं. ती ते मर्डोला म्हणाली होती आणि ते भर उन्हाळ्यातल्या रविवारी, स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता. त्या दिवशी सातव्यावर त्याने मोठी काठी काढून चेंडू टेकडीपलीकडे घालवायचा हट्ट धरला होता, चेंडू पिवळ्या काटेरी झुडपांत गेला, दुसरा गेला, तिसराही त्याच वाटेने गेला आणि हातची स्पर्धा घालवून तो घरी येऊन जमीन कशी वाकडी आहे, गवत कसं वेळेवर कापत नाहीत, हे सांगत बसला होता. नाचता येईना अंगण वाकडं. तिने तेव्हा सुरी खाली ठेवून त्याला ते वाक्य ऐकवलं होतं, आणि टेकडीच्या अलीकडे डाव्या हाताला जी बशीएवढी सपाट जागा आहे ती सांगितली होती, जिथून पुढचा फटका अगदी सोपा होतो. ती जागा कुणाला ठाऊक नव्हती. तिला ठाऊक होती, कारण तिच्या हातात टेकडी ओलांडायची ताकदच नव्हती. ज्याच्या हातात ताकद असते त्याला विचार करावा लागत नाही, तो नुसता मारतो. तिला प्रत्येक होलवर वाट काढावी लागली होती, वाकडी, लांबची, पण खात्रीची. आणि ती वाट काढून झाली की रात्री जेवताना, कपडे वाळत घालताना, गाडीत, ती मर्डोला देत आली होती. दिली होती, हे खरंच. पण एखाद्याला शिदोरी बांधून द्यावी आणि त्याने रस्त्यात तिची खानावळ काढावी, असं काही तिच्या मनात नव्हतं.

वसंत ऋतूत तिचं मनगट मोडलं होतं, त्यामुळे तीन-चार महिने ती मैदानाकडे फिरकली नव्हती. “पाट्यांचं काहीतरी काम चाललंय क्लबात,” एवढंच मर्डो एकदा म्हणाला होता आणि तिला वाटलं होतं, शौचालयाच्या पाट्या असतील. त्या संध्याकाळी ती बसमधून घरी न जाता मैदानापाशी उतरली आणि कामावरच्याच बुटांनी पहिल्या होलपासून चालत सुटली. प्रत्येक होल सुरू होतो तिथे मातीचा एक ओटा असतो, त्याच्या कडेला काळ्या दगडाची पाटी, तीत कोरलेली पांढरी अक्षरं. पहिला होल, नाव ‘दार’: ‘उजवीकडे भरपूर जागा आहे म्हणून उजवीकडे जाऊ नका; जागा आहे ती चुकलेल्यांसाठी.’ हे ती म्हणाली होती पुतण्याच्या लग्नाला जाताना. तिसरा, ‘मिठागर’: ‘झेंडा पुढे असेल तर तो विसरा.’ हे दातांच्या डॉक्टरच्या बाहेर. पाचव्यावरचं, सहाव्यावरचं, सगळं तिचं, तिच्या तोंडचं, फक्त कपडे बदललेलं; जिथे ती तू म्हणाली होती तिथे तुम्ही, जिथे ‘अरे मूर्खा’ होतं तिथे काहीच नाही. तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरचं बोलणं या ओट्यांवर येऊन बसलं होतं आणि प्रत्येकाखाली नवऱ्याचं नाव. आयत्या बिळावर नागोबा. चालता चालता तिच्या बुटांत वाळू गेली, पाय सोलवटले, आणि तेराव्यावर ती थांबली. तेराव्या होलची, झेंड्याभोवतीची हिरवळ मागून पुढे उतरती आहे. तिने सांगितलं होतं की चेंडू मागच्या काठावर टाक, तो आपोआप खाली झेंड्याकडे येतो. पाटीवर लिहिलं होतं: ‘पुढच्या काठावर टाका.’ तेव्हा टीव्हीवर फुटबॉल चालू असणार. चोरानेसुद्धा नीट ऐकून घ्यावं, एवढीही तसदी त्याने घेतली नव्हती, आणि का कोण जाणे, इतर सगळ्या पाट्यांपेक्षा या एका पाटीने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मर्डो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, उंच, देखणा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. तो खिमा-बटाटा गरम करून तिची वाट बघत होता. “पाट्या बघून आले,” ती म्हणाली. “हो का? छान झाल्यात ना? दगड बॅलाहुलिशच्या खाणीतला आहे. जुना मिळवला आम्ही.” “दगडाचं नाही विचारत. त्यावर लिहिलंय ते माझं आहे.” तो खरंच चकित झाला. ते चकित होणं तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. त्यात लबाडी असती तर तिला बरं वाटलं असतं. “अगं, घरातलंच तर आहे,” तो म्हणाला. “तुझं काय, माझं काय.” “मग खाली माझं नाव का नाही?” “क्लबच्या कॅप्टनचं नाव टाकायचं ठरलं कमिटीत. दोन नावं मावत नव्हती, इश. अक्षरं बारीक झाली असती.” “बारीक झाली असती.” “तुला एवढं हवं होतं तर सांगायचंस आधी.” “मला माहीत असतं तर सांगितलं असतं.” “तेच तर. तुझा हात मोडलेला, तुला कशाला त्रास, म्हणून नाही बोललो,” तो म्हणाला आणि तिच्या ताटात बटाटे वाढले, तिच्या आवडीचे, कडेला खरपूस झालेले. तिने ते खाल्ले. तिला भूक लागली होती आणि भूक लागलेली असताना माणसाला नीट भांडताही येत नाही, याचासुद्धा तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने क्लबात जाऊन ऑगस्ट कपासाठी नाव घातलं. हा कप आजवर फक्त पुरुषांचा होता. गेल्याच वर्षी तो सगळ्यांना खुला केला होता, आणि खुला केला म्हणजे झालं, आता कुणी बाई येणार थोडीच, या भरवशावर केला होता. सेक्रेटरी ओगल्वी चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, “हात बरा आहे का, मिसेस रॅट्रे?” “बरा नसेल तर तुमच्या सदस्यांचं बरंच आहे.” ते हसले. ती हसली नाही. याच इमारतीत तिने ऐन तारुण्यातले शनिवार घालवले होते, पण मैदानावर नाही. शनिवारी सकाळी मैदान पुरुषांचं, बायकांना मंगळवारी दुपारनंतर. शनिवारी बायका मागच्या दाराने स्वयंपाकघरात येत आणि स्पर्धा खेळून आलेल्यांसाठी सूप आणि मटणाचे पॅटिस गरम करत. समुद्राकडची मोठ्या खिडक्यांची खोली पुरुषांची होती. स्वयंपाकघराला एकच खिडकी, भांडी घासायच्या मोरीवर, आणि तिच्यातून अठरावा होल मात्र पुरता दिसायचा. किती वर्षं तिने हात साबणात बुडवून तो होल बघितला होता. कुणाचा चेंडू कुठे पडतो, पडून कुठे घरंगळतो, कुठल्या वाऱ्यात कोण ओढ्यात जातो. तिथे तिला कुणी शिकवत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. पुढे मर्डो मोठ्या स्पर्धा खेळू लागला तेव्हा ती त्याची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालू लागली, आणि प्रत्येक ओट्यावर तो मान किंचित वळवून विचारायचा, इथे काय मारायचं, इश? ती सांगायची. तो मारायचा. टाळ्या वाजायच्या. पिशवी वाहणाऱ्याला विचारायची नियमात मुभाच आहे, त्यात काही गैर नव्हतं, आणि टाळ्या वाजल्या की तिलाही आनंद व्हायचा, तो खोटा नव्हता. आता तो आनंद आठवला की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

ती एकेकाला हरवत गेली. हातात ताकद आधीच कमी, त्यात मनगट दुखरं, म्हणून ती आणखी आखूड, आणखी सरळ खेळायची, आणि लांब मारणारे पुरुष झुडपांत चेंडू शोधत फिरायचे. हरल्यावर ते म्हणायचे, सवलतीवर जिंकली. बायकांना दोन-तीन होलवर एकेका फटक्याची सूट मिळते, तीच त्यांना दिसायची. दुसऱ्या बाजूने मर्डो जिंकत आला, स्वतःच्या नावाच्या पाट्या वाचत वाचत, आणि ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी अंतिम सामना नवराबायकोत ठरला. सगळ्या गावाला गंमत वाटली. मासळीवाल्याने विचारलं, जेवण कोण करणार त्या दिवशी? मर्डो घरात तसाच गोड होता, सकाळी त्याने तिच्यासाठी लापशी केली, तिचे बूट पुसून ठेवले, आणि दारातून निघताना म्हणाला, “काही झालं तरी कप घरातच येणार.” घरातच. हा शब्द त्याने पुन्हा वापरला, आणि त्याला काहीही कळलं नाही.

पिशवी वाहायला तिची मैत्रीण नेटा क्रमंड आली होती. नेटा विधवा, साठीची, दिवसाला डझनभर सिगारेटी ओढणारी आणि तोंडाने फटकळ. पहिल्या ओट्यावर पाटीसमोर उभी राहून तिने ती मोठ्याने वाचली, कॅप्टन मर्डो रॅट्रे या नावासकट, आणि म्हणाली, “काय गं, तुझा नवरा जिवंतपणीच स्वतःचे थडग्याचे दगड लावून मोकळा झाला की.” मागे वीस-पंचवीस माणसं बघायला आली होती, ती हसली. मर्डोही हसला, तो कुठल्याही विनोदावर हसू शकत असे. आकाश खाली आलेलं होतं आणि वारा नेहमीचा नव्हता. किनहेव्हनला वारा जमिनीकडून येतो, वर्षातले बहुतेक दिवस. आज तो पूर्वेकडून, समुद्रावरून येत होता, गार, आणि त्याच्या मागे पाण्यावर धुक्याची एक पट्टी बसलेली होती. त्या धुक्याला या किनाऱ्यावर ‘हार’ म्हणतात. ती अंगावर येईल की तिथेच बसून राहील हे कुणालाच सांगता येत नाही. इशबेलला वाऱ्याचा हा पालट बरा वाटला. जवळजवळ सगळ्या पाट्या जमिनीकडच्या वाऱ्यासाठी होत्या, कारण मर्डो खेळायचा तेव्हा तो वारा असायचा आणि तेवढंच त्याने विचारलं होतं.

सामना होलागणिक मोजायचा होता, ज्याचे फटके कमी त्याचा होल. पहिल्यावर दोघांनीही डावीकडे मारलं आणि बरोबरी झाली. दुसऱ्यावर ती हरली, तिसऱ्यावर झेंडा पुढे होता, तिने तो विसरून मारलं आणि त्यानेही विसरून मारलं, तिच्याच वाक्याने तिच्याशी बरोबरी केली, आणि तिला वाटू लागलं की आपण दोघांविरुद्ध खेळतोय, एक मर्डो आणि एक आपण स्वतः, दहा वर्षांपूर्वीची, मूर्ख, दिलदार, बटाटे सोलणारी. प्रत्येक ओट्यावर तो आधी पाटी वाचायचा. आपलं नाव असलेली पाटी माणूस वाचतो कशाला? पाठ नाही म्हणून वाचतो. ज्याने शोधलं त्याला वाचावं लागत नाही. तिने एकही पाटी वाचली नाही. पाचव्यावर ती जाणूनबुजून वाळूच्या खड्ड्याच्या उजवीकडे खेळली, जिथे कधीच जाऊ नका असं तिने स्वतःच सांगून ठेवलेलं होतं, कारण या वाऱ्यात तिथेच जायला हवं होतं, आणि तो होल तिने घेतला. “असं कसं गेलीस तिकडे?” मर्डो चालताना सहज म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती. जणू तिने त्याच्या घराचं कुलूप बदललं होतं. सातव्यावर तो शूर माणूस झाला आणि त्याने आखूड मारलं. पण समोरून वारा होता, तेव्हा आखूड म्हणजे फारच आखूड झालं, आणि ती त्याच्यापुढे टाकून जिंकली. लोकांत जरा कुजबुज झाली. नेटाने सिगारेट पेटवली आणि धूर सोडत म्हणाली, “शूराचं काय झालं मग?” “गप्प बस,” इशबेल म्हणाली. तिला विनोद नको होता. विनोदाने राग पातळ होतो, आणि आज तिला तो घट्टच हवा होता, शेवटपर्यंत पुरेल इतका.

पण राग पुरवून वापरता येत नाही. नवव्यापाशी सगळे थांबले, कुणी पॅटिस खाल्ले, कुणी चहा घेतला, मर्डोने तिच्यासाठी न विचारता चहात अर्धा चमचा साखर घालून आणली, आणि तिला वाटलं, हे सगळं करून कुणाला काय मिळणार आहे, तीस वर्षं बरोबर राहिलेला माणूस आहे, वाईट नाही, दारू पीत नाही, हात उगारत नाही, चहात साखर किती हे त्याला माहीत आहे. त्या ढिलाईत तिने दहावा घालवला, अकरावाही घालवला. अकराव्यावर चेंडू वाळूत पडलेला बघून ती उभी होती तेव्हा मागून एक ओळखीचा पुरुषी आवाज म्हणाला, “बिचारीने इथवर मजल मारली तेच खूप झालं. काही झालं तरी शिकवणारा नवराच आहे ना.” तिने मागे वळून पाहिलं नाही. बोलणारा कुणीही असता. सगळं गाव असंच बोलत असणार, मासळीवाला, दुकानातलं गिऱ्हाईक, ओगल्वी, तिची स्वतःची बहीण. आणि पाटी दगडाची आहे, हे लोक मेल्यावर पुढचे लोक येतील तेही तेच वाचतील. साखर कळते त्याला. साखर कळते म्हणजे काय? कुत्र्याला काय आवडतं तेही घरात सगळ्यांना कळत असतं. तिने चेंडू वाळूतून असा उडवला की नेटा मागे सरकली.

तेराव्यावर मर्डोने पाटी वाचली आणि चेंडू पुढच्या काठावर टाकला. तो उतारावरून परत त्यांच्याच दिशेने घरंगळत खाली आला, पार गवतात. तिने मागच्या काठावर टाकला. चेंडू क्षणभर थांबला, मग निघाला आणि हळूहळू झेंड्यापाशी आला. बघणाऱ्यांपैकी एक म्हातारा पाटीपाशी जाऊन ती पुन्हा वाचू लागला, चष्मा काढून, चष्मा घालून. मर्डोला अजून कळलं नव्हतं, तो कपाळाला आठी घालून म्हणाला, “गवत फार बारीक कापलंय.” चौदावा, पंधरावा बरोबरीत. सोळाव्यावर तिने आणखी एक घेतला आणि ती एका होलने पुढे गेली. सतरावा, ‘न्हावी’. इथे वारा कुठूनही आला तरी कानावरून वस्तरा फिरवल्यासारखा जातो, म्हणून त्यावरची पाटी कुठल्याही वाऱ्यात खरी ठरते: ‘जमिनीलगत ठेवा. उंच गेलेलं परत येत नाही.’ हे तिने त्याला हॉस्पिटलात सांगितलं होतं, त्याच्या आईच्या शेवटच्या आजारपणात, रात्रभर जागून बोलायला काही उरलं नव्हतं तेव्हा. त्याने ते जसंच्या तसं केलं, चेंडू जमिनीलगत ठेवला, आणि होल जिंकला. सामना बरोबरीत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मर्डोने टोपीला हात लावला. त्या रात्रीचंसुद्धा त्याने पाटीवर लिहिलं, ती मनात म्हणाली. ते तरी सोडायचं होतंस.

अठराव्या ओट्यावर ते पोचले तेव्हा हार जमिनीवर आली होती. क्लबची इमारत धुक्यात फिकट दिसत होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. सतरावा जिंकल्यामुळे आधी मारायचा मान मर्डोचा. पाटी म्हणत होती: ‘ओढ्याला भिऊ नका. मोठी काठी काढा, वारा पोचवील.’ पण पोचवणारा वारा आज तोंडावर होता. मोठी काठी काढली तर चेंडू नेमका ओढ्यात, छोटी काढली तर अलीकडे राहून पुढच्या फटक्यातही ओढा ओलांडता येणार नाही. इशबेलला माहीत होतं काय करायचं ते. मोरीच्या खिडकीतून तिने असल्या दिवशी एकामागून एक चेंडू बुडताना पाहिले होते, आणि पाहता पाहता तिच्या ध्यानात आलं होतं की ओढ्याकडे तोंड करून मारायचंच नाही. उजवीकडे, शेजारच्या पहिल्या होलच्या रिकाम्या मैदानात पाच नंबरच्या काठीने टाकायचं आणि तिथून तिरकं यायचं. दिसायला पळपुटं, पण त्या वाऱ्यात तेवढी एकच वाट होती. ही वाट तिने कुणालाच सांगितलेली नव्हती, कारण मर्डोला असा वारा लागला नव्हता आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. मर्डो दोन काठ्या काढून दोन्ही हातांत धरून उभा होता. त्याने पाटीकडे पाहिलं, धुक्याकडे पाहिलं, मग मान किंचित वळवली, अगदी तेवढीच, जेवढी तो नेहमी वळवायचा, आणि हलक्या आवाजात म्हणाला, “वारा उलटलाय. इथे काय मारायचं, इश?”

नेटाच्या हातातली सिगारेट तोंडाकडे जाता जाता थांबली. लोक दोरीपलीकडे लांब होते, त्यांनी ऐकलं नव्हतं. प्रतिस्पर्ध्याला सल्ला विचारला की होल गेला, हा नियम इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, आणि इथे होल गेला म्हणजे कप गेला. इशबेल वाट बघत राहिली. कारण मर्डो कसा आहे हे तिला माहीत होतं. तरुणपणी एका मोठ्या सामन्यात उंच गवतात त्याच्या काठीने चेंडू केसभर हलला होता, कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्याने आपण होऊन हात वर करून सांगितलं होतं. ती गोष्ट क्लबात अजून सांगतात, त्यावरच तर तो कॅप्टन झाला. आताही तो हात वर करील असं तिला वाटलं. पण त्याने एक काठी पिशवीत ठेवली, दुसरी हवेत फिरवून पाहिली, आणि पुन्हा तिच्याकडे मान वळवली, उत्तर यायला उशीर का होतोय असं. आणि तेव्हा तिला कळलं, आणि कळल्यावर इतका वेळचा राग म्हणजे नुसती चिडचिड होती असं वाटावं असा राग तिच्या अंगात उभा राहिला. तो लबाडी करत नव्हता. आपण काही विचारलं हे त्याला ऐकूच आलं नव्हतं. केसभर हललेला चेंडू ज्याला दिसतो, त्याला तिला विचारलेला प्रश्न ऐकू येत नव्हता, कारण तिला विचारणं म्हणजे कुणाला विचारणं नव्हतंच. पाट्यांवर तिचं नाव का नाही याचं उत्तर त्या कमिटीत नव्हतं, अक्षरांच्या आकारातही नव्हतं.

“थांब,” ती म्हणाली. “ओगल्वींना बोलाव, नेटा.” सोडून दिलं असतं तरी चाललं असतं, नियमाने तीही मुभा आहे. आता म्हणतील, नियमावर जिंकली. म्हणोत. ओगल्वी दोरीखालून वाकून आले, मागे माणसंही आली, आणि इशबेल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मर्डोने मला सल्ला विचारला. होल माझा आहे.” “मी?” मर्डो म्हणाला. त्याचं तेच चकित होणं. “मी कुठे विचारलं? मी आपला स्वतःशीच बोलत होतो.” कुणीतरी मागे हसलं. ओगल्वी अवघडून म्हणाले, “कॅप्टन, शब्द काय होते तेवढं सांगता? तुमच्या शब्दावर आम्हा सगळ्यांचा विश्वास आहे.” “सांगतो की. त्यात काय,” मर्डो म्हणाला. तो सरळ उभा राहिला, शाळेत उभा राहत असेल तसा, आणि खरं बोलायची सवय असलेला माणूस म्हणून त्याने शब्दन् शब्द तसाच सांगितला. “मी म्हटलं, वारा उलटलाय. इथे काय मारायचं...” आणि तो थांबला. वाक्याला अजून एक शब्द होता. तो त्याच्या तोंडात आलेला सगळ्यांना दिसत होता. तेराव्याच्या पाटीपाशी रेंगाळलेला म्हातारा एक पाऊल पुढे आला. “इश,” मर्डो म्हणाला.

ओगल्वींनी त्याच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग आपल्या बुटांकडे. “मग सामना मिसेस रॅट्रेंचा,” ते म्हणाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मर्डोने टोपी काढली, तिच्याशी हात मिळवला. त्याचा हात गार होता, आणि त्याने तिचा हात लगेच सोडला नाही. तो तिच्याकडे बघत होता, मान किंचित वळवून नाही, समोर उभं राहून, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. सामना संपला होता, आता विचारायला कसलीच बंदी नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. सगळ्यांच्या देखत, जरा चाचरत, ओळख नसलेल्या माणसाला वाट विचारावी तसं त्याने तिला विचारलं, “मग काय मारायला हवं होतं?”

तीस वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा विचारलं होतं. इशबेलच्या घशाशी उत्तर आलं, सवयीने, सगळं, पाच नंबर, उजवीकडे, रिकामं मैदान. तिने ते गिळलं.

“नाही सांगणार,” ती म्हणाली.